खिडकी उघडू का गं जरा?

मैत्रीण दारातून आत आली, चपला काढल्या, एक पाऊल आत टाकलं आणि थबकली. फार तर दोन सेकंद. मग हसली, पिशवी खुर्चीवर ठेवली, 'ठिपक्या कुठंय?' म्हणून विचारलं, पलंगाखालून माझं मांजराचं पिल्लू बाहेर आलं तसं त्याला उचललं, त्याच्या नाकावरच्या काळ्या ठिपक्यावर बोट टेकवलं. सगळं नेहमीसारखं. दहा मिनिटं गप्पा झाल्या असतील-नसतील, तेवढ्यात आवाज थोडा खाली आणून ती अगदी सहज म्हणाली, "खिडकी उघडू का गं जरा?" मी म्हटलं, उघड ना. ती उठली, खिडकी उघडली आणि तिथंच गजांना टेकून उरलेल्या गप्पा मारल्या. पुन्हा बसायला आली नाही. निघताना म्हणाली, पुढच्या वेळी तू ये माझ्याकडे.

तिची माझी ओळख वीस वर्षांची. माझ्या घरी आजारपणात राहिलेली, माझ्या ताटातलं खाल्लेली ती बाई. 'अगं, घरात वास मारतोय' असं सरळ म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. तिनं तो वापरला नाही, मला सांभाळून घेतलं, आणि तेच मला जास्त लागलं. त्या दिवशी ती येणार म्हणून मी सकाळपासून कामाला लागले होते. लिटरची, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या दाण्यांची, पेटी रिकामी करून धुतली होती, नवं लिटर भरलं होतं, फरशी दोनदा पुसली होती. ती यायच्या आधी घराच्या मधोमध उभी राहून मी एक लांब श्वासही घेतला होता आणि मला समाधान वाटलं होतं.

मला खरंच कसलाच वास येत नव्हता.

ती गेल्यावर मी खोल्यांमधून हुंगत फिरले. पडदे नाकाशी धरले, उशा उचलून पाहिल्या, सोफ्याच्या मागे गुडघ्यांवर बसले. काही नाही. मग सुचलं म्हणून दार ओढून घेतलं, गच्चीवर गेले, मोकळ्या हवेत वीसेक मिनिटं बसले आणि खाली येऊन दार उघडलं. पहिल्याच श्वासाला तो आला. नाकाच्या मुळाशी टोचणारा, डोळ्यांच्या कडा चुरचुरवणारा, खाली ओल्या गोणपाटासारखा कुबट आणि वर आदल्या दिवशी मारलेल्या स्प्रेचा गोडसर थर. दुसऱ्या श्वासाला तो निम्मा झाला. चौथ्या-पाचव्याला उरलाच नाही. मी पुन्हा गच्चीवर गेले, पुन्हा आले. तीनदा तसं केलं. नाकाचा स्वभावच हा. नव्या वासाची वर्दी ते तातडीनं देतं आणि तोच वास येत राहिला की काही मिनिटांत गप्प बसतं. बदल टिपणं हे त्याचं काम, जे रोजचं आहे त्याची दखल ते घेत नाही. म्हणजे मी ज्या घरात राहत होते ते घर मला कळतच नव्हतं, आणि दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या श्वासात कळत होतं. ठिपक्या आल्यापासून किती जण येऊन गेले, कोण खिडकीपाशी उभं राहिलं, कोण लवकर उठलं, हे मी त्या रात्री आठवत बसले.

ठिपक्या आला तेव्हा मुठीत मावत होता. जिन्याखाली सापडलेला, दोन दिवस वाट पाहिली, त्याची आई काही परतली नाही. डॉक्टरांनी तोंड उघडून दात पाहिले आणि चार आठवड्यांचा असेल म्हणाले. त्यांनीच सांगितलं की साधारण तीन आठवड्यांपर्यंत मांजराच्या पिल्लाला आपली आपण शी-शू करता येत नाही. आई जिभेनं चाटते तेव्हा ती होते, आणि जे होतं ते ती गिळून टाकते. त्यामुळे पिल्लं जिथं लपवलेली असतात तिथं वास साचत नाही आणि दुसऱ्या जनावराला त्यांचा पत्ता लागत नाही. मला ते ऐकताना कसंतरी झालं आणि घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. पिल्लाचा वास आई आधी आपल्या पोटात घेते. ठिपक्या त्या वयातून नुकताच बाहेर पडला होता, पण इतका अशक्त होता की पहिले चार-पाच दिवस खाणं झालं की मी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसानं त्याला मागून हलकेच पुसत असे. तळहातावर त्याचं पोट थरथरायचं, शेपटीची काडी ताठ व्हायची आणि कापूस पिवळा व्हायचा. तेव्हा त्याला वास होता तो दुधाच्या पावडरीचा आणि धुवून नीट न वाळलेल्या लोकरीचा. मी त्याच्या मानेत नाक खुपसून तो घेत असे.

लिटरमध्ये तो पहिल्यांदा गेला ते मी पाहिलं आहे. बुटांच्या खोक्याचं झाकण उलटं करून त्यात दोन बोटं जाडीचा थर घातला होता. पाणी लागलं की गोळा होणारं लिटर लहान पिल्लांना देत नाहीत. ती ते चाटतात, गिळतात आणि ते पोटात फुगून अडकू शकतं. म्हणून साधे मातीचे दाणे. तो काठावरून घसरून आत पडला, उठला, एक दाणा हुंगला, तोंडात घेऊन थुंकला. मग उजव्या पंजानं एकदा उकरलं. थांबला, जणू पंजानं हे काय केलं ते त्यालाही कळलं नव्हतं. परत उकरलं. खड्डा झाला तसा वळून त्यावर बसला, कान मागे गेले, डोळे समोरच्या भिंतीवर खिळले आणि चेहरा इतका गंभीर झाला की मी श्वाससुद्धा हळू घेतला. झाल्यावर वळून हुंगलं, आणि मातीऐवजी झाकणाचा पुठ्ठाच खरवडत राहिला. कोणी शिकवलं नव्हतं. झाकायचं असतं एवढं त्याला ठाऊक होतं, काय कशानं झाकायचं ते अजून यायचं होतं.

या मातीच्या दाण्यांचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एड लो नावाचा माणूस कारखान्यांत सांडलेलं तेल शोषायला लागणारी माती विकायचा. मांजर पाळणारी एक शेजारीण १९४७ च्या थंडीत त्याच्याकडे वाळू मागायला आली. बाहेरची वाळू गोठली होती आणि पेटीत राख टाकली तर मांजर काळे पाय घेऊन घरभर फिरत होतं. त्यानं वाळूऐवजी ही माती दिली. ती परत आली ती आणखी माती मागायला. मांजरानं रात्रंदिवस माणसाच्या चार भिंतींत राहावं, हे बऱ्याच अंशी त्या मातीमुळे जमलं. तोवर त्याच्या शी-शूला बाहेरचं अंगण होतं, वाळू होती, झुडपं होती. आपण त्याला घरात घेतलं आणि ते सगळं अंगण दीड हाताच्या पेटीत बसवलं, हे मी लिटर चाळताना कधी विसरत नाही.

मैत्रिणीच्या त्या एका वाक्यानं मला कुठं नेऊन सोडलं ते सांगायला हवं.

आजी शेवटचे आठ-नऊ महिने अंथरुणाला खिळून होती. मी दहा वर्षांची. तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर मी छातीभर श्वास भरून घ्यायचे, तो धरून आत जायचे, पाण्याचा पेला ठेवायचे आणि पळत बाहेर येऊन तो सोडायचे. किती वेळ धरता येतो त्याचा मला सराव झाला होता. त्यामुळे आजीशी बोलणं व्हायचं नाही, कारण बोलायला श्वास लागतो. एक दिवस मी पेला ठेवून वळले तर तिनं मनगट धरलं. तिच्या हातात फारसा जोर नव्हता, मी सोडवून घेऊ शकले असते. ती म्हणाली, "आधी खिडकी उघडत जा, मग आत येत जा. मला कळतं गं." माझा धरलेला श्वास तिथंच सुटला आणि पुढचा घ्यावा लागला. मूत, मलम, घाम, तोंडाचा आंबूस वास, आणि त्या सगळ्याखाली, अगदी तळाशी, माझ्या आजीचा वास, जो मी कितीतरी महिन्यांत घेतला नव्हता.

त्याच खोलीत माझी आई दिवसातून चार वेळा जायची. चादर बदलायची, कोमट पाण्यानं पुसायची, पाठीला पावडर लावायची. तिनं कधी श्वास धरलेला मी पाहिला नाही. उलट ती वाकून वास घ्यायची. चादरीचा, पाठीवरच्या लाल झालेल्या जागेचा. एकदा ती बाहेर येऊन बाबांना म्हणाली, "आज लघवीचा वास वेगळा येतोय. ताप भरणार बघा." संध्याकाळी ताप भरला. मला तेव्हा ते अद्भुत वाटलं होतं आणि किळसही आली होती. एखाद्या माणसाचा वास इतका पाठ असणं म्हणजे काय, ते कळायचं वय नव्हतं.

मैत्रीण येऊन गेल्यावर मी जे केलं ते मात्र त्या उंबऱ्यावरच्या मुलीचं होतं. सुगंधी लिटर आणलं. झाकण असलेली नवी पेटी आणली, म्हणजे वास आत राहील. फरशीला फिनेल, कोपऱ्यांत फुलांच्या वासाच्या डब्या, सोफ्यावर स्प्रे. आठवडाभर घर घमघमत राहिलं आणि मी निश्चिंत झाले. मग ठिपक्यानं दारातल्या पायपुसण्यावर शू केली. दोन दिवसांनी धुवून ठेवलेल्या कपड्यांच्या ढिगावर. मग पलंगाखाली. मी रागावले, एकदा तर मान धरून त्याला पेटीपाशी नेलं. त्यानं एक पंजा आत टाकला, बाहेर काढून झटकला, माझ्याकडे पाहिलं आणि पलंगाखाली निघून गेला. त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ आला नाही. मी त्याला हट्टी म्हटलं. आज ते आठवलं की त्या पंजाचं झटकणं डोळ्यांपुढे येतं. तो सांगत होता.

झाकणाच्या पेटीत वास राहतो हे खरंच आहे. तो आत राहतो, आणि पिल्लाला त्यातच तोंड घालून बसावं लागतं. मूत्रातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. बंद जागेत तो साचतो, डोळ्यांना आणि श्वासाला झोंबतो. त्यावर फुलांचा वास ओतला की आपल्याला बरं वाटतं, कारण आपलं नाक पाच फुटांवर असतं आणि त्याचं पाच बोटांवर. शिवाय त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. जिथं स्वतःचा वास लागत नाही आणि परका वास डोकं उठवतो, तिथं मांजर का जाईल?

हे मला कळलं ते डॉक्टरांकडे, आणि तेही वेगळ्याच निमित्तानं. ठिपक्याला चार महिने होत आले असताना त्याची शी पातळ व्हायला लागली. चार दिवस झाले, खाणंपिणं ठीक होतं, पण शेपटीखालचे केस चिकटायला लागले, म्हणून नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "वास कसा येतो?"

"घाण येतो," मी म्हटलं.

"घाण म्हणजे कसा? आंबट? कुजका? नेहमीपेक्षा वेगळा? कधीपासून वेगळा?"

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. मी रोज त्याची पेटी साफ करत होते आणि मला माहीत होता तो लिटरच्या पाकिटावरच्या फुलांचा वास. डॉक्टर रागावले नाहीत. आमच्याकडे असलेला थोडासा नमुना त्यांनी झाकण उघडून स्वतः जवळ नेला, मग त्याचे कान उलटे करून हुंगले, ओठ वर करून तोंडाचा वास घेतला. माझ्या आईसारखे वाकून. ते पाहताना माझे कान गरम झाले.

तपासणीत जिआर्डिया निघाला, पिल्लांच्या आतड्यात वरचेवर सापडणारा एक सूक्ष्म जीव. त्यानंच शी अशी मऊ, ओशट आणि अतोनात कुजकट वासाची होते. इतर कारणंही असतात: जंत, जे पिल्लांना आईच्या दुधातूनसुद्धा येतात, अचानक बदललेलं खाणं, आपण मायेनं पाजलेलं दूध, जे दूध सुटलेल्या बहुतेक मांजरांना पचत नाही. औषध मिळालं, आणि सोबत इतर सूचना. पेटी रोज उकळत्या पाण्यानं धुवायची, मागचे केस कापून स्वच्छ ठेवायचे, नाहीतर चाटण्यातून पुन्हा तेच पोटात. घरात काय काय वापरता, हेही त्यांनी विचारलं. मी यादी सांगितली तशी ते लिहायचे थांबले. फिनेल आजपासून बंद म्हणाले. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करायची ताकद फार कमी असते. जे आपल्या शरीराला सहज जमतं ते त्याच्या शरीराला जमत नाही. फरशीवरून ते पंजाला लागतं, पंजावरून जिभेला. सुगंधी तेलांचं बरंचसं तसंच, डांबराच्या गोळ्यांचंही. घराला छान वास यावा म्हणून मी जे शिंपडत होते ते तो दिवसभर चाटत होता. परतीच्या वाटेवर पिंजरा मांडीवर घेऊन मी जाळीतून बोट आत घातलं. त्यानं ते चाटलं.

घरी येऊन सगळ्या डब्या बांधून टाकून दिल्या. पेटीचं झाकण काढलं. बिनवासाचं लिटर आणलं. एका मांजराला दोन पेट्या, म्हणजे मांजरं जितकी त्याहून एक जास्त, या हिशेबानं दुसरी पेटी खाण्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवली. सकाळ-संध्याकाळ चाळायचं ठरवलं. आणि रोज चाळताना एकदा श्वास घ्यायचा, नाकानं, मुद्दाम. पहिल्या दिवशी पोटात ढवळलं. कुजलेल्या अंड्यावर तेल ओतल्यासारखा तो दर्प होता. तिसऱ्या दिवशी तो पातळ झाला, आठवड्यानं ओशटपणा गेला, आणि एक दिवस सकाळी मी पेटीवर वाकले तर नुसता शीचा वास होता, साधा, कोरडा, जसा असतो तसा. मी खोरं हातात धरून तिथं बसून राहिले. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

पुढचे दोन महिने मी त्याचे वास शिकले. कान साफ असला की त्याला जवळजवळ वास नसतो, उन्हात तापलेल्या कागदासारखा असतो फार तर. गोचिडीच्या जातीचे बारीक किडे झाले की कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ येतो आणि त्याबरोबर गोडूस कुजका वास. एकदा कुकरच्या शिट्टीला दचकून तो माझ्या मांडीवरून उडाला आणि मागे कपड्यावर एक थेंब सोडून गेला: हिवस, लोखंडासारखा, नाकातून जाता जात नाही असा. शेपटीखालच्या दोन लहान ग्रंथींचा तो वास, भीतीचा. मग तोंड. साडेचार महिन्यांचा असताना त्याच्या तोंडाला वास यायला लागला, थोडा रक्ताचा, थोडा शिळा. हिरड्या लाल होत्या. दुधाचे सव्वीस दात पडून तीस पक्के यायचे ते हे दिवस. एका सकाळी फरशीवर तांदळाच्या कणीएवढं काही चमकलं. उचललं तर सुळा होता, पोकळ, टोकाला अर्धपारदर्शक, मुळाशी वाळलेल्या रक्ताची रेघ. मी तो काडेपेटीत कापसावर ठेवला आहे. त्याला आता काही वास नाही, मी पाहिलं.

आधी जिथं जिथं शू झाली होती त्या जागा शोधायला अतिनील प्रकाशाची टॉर्च आणली. रात्री सगळे दिवे मालवून घरभर फिरले. वाळलेलं मूत त्या प्रकाशात पिवळट-हिरवं उजळतं. पडद्याची कड, सोफ्याचा पाय, पलंगाखाली तीन ठिकाणी. स्वच्छ म्हणून रोज वावरत होते त्या घरात अंधारात बेटं उगवावीत तशी. सर्वात मोठं दाराच्या आत, पायपुसण्याखाली, फरशीच्या सांध्यात. मैत्रिणीचं पहिलं पाऊल पडलं होतं तिथंच. पायपुसण्याला बाहेरचे सगळे वास लागलेले असतात आणि ते मातीसारखं खरबरीत असतं, म्हणून पिल्लू तिथं जातं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण टॉर्च धरून उकिडवी बसले असताना मला हेही आठवलं, की मी कामाला बाहेर पडले की तो दाराशीच बसून राहतो. दिवसाचे आठ तास. जिन्यावर माझी पावलं वाजली की आतून त्याचा आवाज येतो. त्या डागाचा आणि त्या वाट पाहण्याचा काही संबंध असेलच असं नाही, पण मी दोन्ही एकाच जागी पाहिलं आहे.

मग स्वच्छता. ताजं असेल तर घासायचं नाही, जुन्या सुती कापडानं दाबून टिपायचं. घासलं की ते आणखी खोल जातं. थंड पाणी, पुन्हा टिपणं. त्यावर एन्झाइमचं द्रावण, डागाच्या कडेच्याही बाहेर वीतभर, कारण आत गादीत ते दिसतं त्याहून लांब पसरलेलं असतं. आणि मग वाट पाहायची, ते आपोआप वाळेपर्यंत. एन्झाइम ती घाण तोडतात, त्यांना वेळ लागतो, तिथं घाई चालत नाही. काही नसेल तेव्हा पाण्यात पांढरं व्हिनेगर. अमोनिया अल्कली, व्हिनेगर आम्ल, तेवढ्यापुरता वास बसतो. एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगते: मुतावर ब्लीच ओतू नका. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू होतो, तुमच्या छातीलाही आणि त्याच्याही. मी ते एकदा करणार होते. बाटलीचं झाकण काढलेलं होतं. पलंगाखालचा डाग चार वेळा करूनही हवेत ओल आली की अजून जागा होतो, आणि मी पुन्हा द्रावण घेऊन बसते.

पाच महिने उलटल्यावर त्याच्या मूत्राचा वास बदलला. कांदा सडल्यासारखा काहीसा, गंधकाचा, खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. यावेळी मला कोणी सांगावं लागलं नाही, पेटीपाशी वाकले आणि कळलं. बोका होत होता. मांजराच्या मूत्रात फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं, बोक्यांत सर्वात जास्त. ते हवेत तुटत जातं तसा हा दर्प तयार होतो. जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवलं की मांजराच्या मूत्रातलं कॉक्सिन नावाचं एक प्रथिन हे फेलिनीन घडवतं, आणि पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत ते प्रथिन मूत्रात उतरतच नाही. म्हणजे दुधाचा, लोकरीचा तो वास संपायला शरीरातच तारीख ठरलेली होती. दुसऱ्या बोक्यांना आणि भाट्यांना त्या वासातून तो सांगत होता की मी इथं आहे, मोठा झालोय, सशक्त आहे. ते ऐकायला आसपास कोणी नव्हतं. होती ती मी, आणि मी नसबंदीच्या ऑपरेशनची तारीख घेतली.

ते योग्यच होतं. ऑपरेशननंतर दहापैकी नऊ बोक्यांचं भिंतीवर फवारणं थांबतं किंवा खूप कमी होतं, भटकणं-मारामाऱ्या कमी होतात, आणि ज्यांना कोणी घर देणार नाही अशी पिल्लं जिन्याखाली जन्मत नाहीत. तोही अशाच एका जिन्याखालचा. तरी आदल्या रात्री मी पेटी चाळायला बसले आणि तो दर्प नाकात आला तेव्हा मला वाईट वाटलं. त्याच्या अंगातून उठलेला तो पहिला मोठा आवाज होता, आणि मी तो बंद करणार होते. दुसऱ्या दिवशी भूल उतरत असताना त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास होता, स्पिरिटचा. रात्रभर त्यानं अंग चाटलं. मी जागी होते. पहाटे कधीतरी तो माझ्या काखेत शिरला, तेव्हा मानेपाशी पुन्हा त्याचा स्वतःचा वास लागायला लागला होता. पेटीतला उग्र दर्प पुढच्या काही आठवड्यांत विरत गेला.

मराठीत वास म्हणजे गंध आणि वास म्हणजे राहणं. व्याकरणात त्या दोघांचे धातू वेगळे आहेत. लिटर चाळताना मला ते वेगळे वाटत नाहीत.

मागच्या महिन्यात मला चार दिवस बाहेरगावी जावं लागलं. बहीण येऊन राहिली होती. परत आले ती संध्याकाळी. जिना चढून दाराशी आले, किल्ली फिरवली आणि उंबऱ्यावर थांबले. नाक चार दिवस दुसऱ्या हवेत होतं, कोरं झालं होतं. मैत्रीण जिथं थबकली होती तिथंच उभी राहून मी श्वास घेतला. तो टोचरा वास नव्हता. होता तो गरम, थोडा धुळकट, वाळलेल्या लाळेचा आणि केसांचा, लिटरच्या मातीचा, तळाशी कुठंतरी अगदी पुसट मुताचा. आणि त्यातच माझा, माझ्या अंथरुणाचा, माझ्या तेलाचा, जो मला एरवी कधीच येत नाही. दोघांचे वेगळे काढता येत नव्हते.

ठिपक्या आतून आला. धावत नाही आला. दोन हातांवर थांबला, मान लांब करून माझी बोटं हुंगली, मग बूट, मग पिशवीचा तळ, आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून, वरचा ओठ किंचित मुरडून, नजर कुठंही नाही असा स्तब्ध झाला. टाळूच्या वर एक वेगळं इंद्रिय असतं मांजरांना, लुडविग जेकबसन नावाच्या डॅनिश शल्यवैद्यानं १८१३ मध्ये पाळीव जनावरांच्या नाकाचा अभ्यास करताना त्याचं वर्णन केलं. तोंड उघडून मांजरं गंध तिथवर नेतात. मी कुठं गेले होते, कोणाच्या गादीवर झोपले, कोणी माझ्या पिशवीला हात लावला, हे सगळं तो तिथं उभ्या उभ्या वाचत होता. मी हलले नाही. माझा तिसरा श्वास झाला होता आणि घराचा वास पातळ व्हायला लागला होता.

"आलीस?" बहीण आतून म्हणाली. "दिवसभर घर बंद होतं गं. खिडकी उघडते, थांब."

"नको, राहू दे," मी म्हटलं. "जरा वेळ नको उघडू."